25 मेगावॅटखालच्या नदीचा हिशेब कोण मागणार?



'छोटा जलविद्युत प्रकल्प' म्हटले की कुणाच्याच कपाळावर आठी पडत नाही. बुडीत गावे नाहीत, कोळशाचा धूर नाही. सरकारचेही तेच मत. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे 25 मेगावॅटखालच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. म्हणजे आघाताचा अहवाल नाही, जनसुनावणी नाही. नदीचे काय होणार, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही.

कर्नाटकात नेत्रावती आणि कुमारधारेच्या खोऱ्यात जाऊन पाहा. बंधारा घालून पाणी वीजघराकडे वळवतात आणि खाली पुन्हा पात्रात सोडतात. 'पाणी खर्चच होत नाही,' असे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण बंधाऱ्यापासून वीजघरापर्यंतच्या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात काय उरते? उघडा कातळ आणि तापलेली डबकी. खडस, म्हणजे महसीर, हा वाहत्या, गार पाण्यातला मासा. डबक्यात तो तगत नाही. नदीतली वाम तर जन्मते समुद्रात. पिल्लू असताना ती नदी चढून वर येते, वाढते आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघते. तिची वाट अडवायला एक भिंत पुरते. इथे एकीच्या खाली दुसरी उभी राहते आणि प्रत्येक भिंत कागदावर सुटी, म्हणून निरुपद्रवी! कुमारधारेची उपनदी कपिला. तिच्यात शिशिला गावी देवाचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. आपल्याकडे महाडजवळ वाळणकोंडीतही तेच. लोकांनी राखलेले अधिकाऱ्यांनी निदान मोजावे तरी.

आमचा विजेला विरोध नाही. पानशेत, वीर, भाटघर इथे आधीच्याच धरणांच्या पायथ्याशी वीजघरे आहेत. त्यांच्यासाठी नवी नदी कोरडी पाडावी लागली नाही. आमचा आक्षेप मेगावॅटच्या मोजपट्टीला आहे. यंत्र लहान म्हणून घाव लहान ठरत नाही. मोजायची तर अख्ख्या खोऱ्यातल्या सगळ्या प्रकल्पांची मिळून हानी मोजा आणि तीही उन्हाळ्यातल्या प्रवाहावर. पावसाळी पुराच्या सरासरीवर नको.

असा प्रस्ताव तुमच्या खोऱ्यात आला तर ग्रामसभेत चैत्र-वैशाखातल्या प्रवाहाचे आकडे मागा. बंधाऱ्याखाली किती पाणी कायम सोडणार, हे लेखी घ्या. तोवर ना-हरकतीचा ठराव करू नका.