चामड्याचं काम शिकताना मला मिळालेला धडा



आज पाठाचा सारांश नाही की स्वाध्याय नाही. आज माझ्या एका छंदाविषयी आणि त्यातून पडलेल्या एका प्रश्नाविषयी लिहितोय.

गेली दोन वर्षं मी घरी चामड्याचं काम शिकतोय. नोकरी आजरा तालुक्यात, घरही आजऱ्यातच. आमच्या घराण्यात याआधी कुणी आरी हातात धरलेली नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, रविवारी पडवीत पाट टाकून बसायचं आणि एकेक प्रकार करून बघायचा, असं चाललंय. पाकीट, डायरीचं कव्हर, चष्म्याचं घर, कमरेचा पट्टा असं काहीबाही केलं. बरंच बिघडलं, थोडं जमलं.

चामडं खोडरबर मानत नाही

तुम्ही शिक्षक असाल तर एक गोष्ट जरूर करा. ज्यात आपल्याला काहीच येत नाही असं एखादं काम शिकायला घ्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला कसं वाटत असेल ते तेव्हा कळतं. वहीत चुकलं तर खोडता येतं, कणीक सैल झाली तर पीठ घालता येतं. चामड्याला चुकीच्या जागी पडलेलं भोक मात्र पडलंच. म्हणून आधी मोजायचं, खूण करायची, पुन्हा मोजायचं आणि मगच आरी टोचायची. मेण लावलेला एक दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढायची. वेळ लागतो, पण असा टाका एका ठिकाणी तुटला तरी पुढची शिवण भराभर उसवत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात माझी फजिती झाली. आजऱ्याचा पाऊस तुम्ही ऐकून असालच. कपाटात ठेवलेलं चामडं गणपतीच्या सुमारास बाहेर काढलं तर त्यावर पांढरी बुरशी. त्यातच मोठ्या हौसेने केलेला पट्टा महिनाभरात दोन बोटं लांबला. शेवटी बाजारात पायताणं शिवणाऱ्या एका वयस्क मामांकडे गेलो. त्यांनी पट्टा हातात घेतला, वाकवला, ओढून बघितला आणि म्हणाले, "सर, ह्ये पोटाचं कातडं हाय. वढलं की लांबतंय. पट्ट्याला पाठीचं घ्यायचं असतंय."

कुठल्यातरी व्हिडिओत हे सांगितलंही असेल. पण माझ्या हाताला ते कळलं नव्हतं, त्यांच्या हाताला दोन मिनिटांत कळलं. त्या दिवसापासून "मी स्वतःचं स्वतः शिकलो" असं म्हणणं मी सोडून दिलं.

एक रिकामा रकाना

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मी केलेलं पेन ठेवायचं पाकीट शाळेत नेलं. सगळ्यांनी ते हातात घेऊन बघितलं. "सर, भारीच! विकायला ठेवा की." फोटो निघाले, ग्रुपवर गेले, अंगठे आले. मीही खूश.

त्याच आठवड्यात मुलांचे फॉर्म भरून घेत होतो. एका मुलाने 'पालकांचा व्यवसाय' हा रकाना कोरा सोडला होता. त्याचे वडील पायताणं करतात, हे मला माहीत होतं. मी विचारलं तर इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "मजुरी लिवा, सर."

वाचकहो, आरी तीच आणि चामडंही तेच. ते माझ्या हातात असलं की छंद होतो, कौतुक होतं. त्याच्या वडिलांच्या हातात असलं की ते लपवावं लागतं. त्या दिवशी मला माझ्या कौतुकाची लाज वाटली.

काही जण म्हणतील, "सर, साधा छंद आहे, त्यात जात कशाला आणता?" मी कुठे आणली? ती त्या रकान्यात आधीपासूनच होती. मला ती दिसली नाही, कारण मला तो रकाना भरताना कधी अडावं लागलं नाही.

अभिमान कुणाचा?

कोल्हापुरी चपलेचा आपल्याला केवढा अभिमान! राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिलं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. चिडलो ते बरोबरच होतं. पण कारागिराचं नाव न घेता त्याची कला मिरवणं ही चूक फक्त मिलानमध्येच होते का? मी माझ्या पाकिटाचे फोटो टाकले तेव्हा त्या मामांचा उल्लेख कुठे केला होता?

बाहेरून येऊन हे काम शिकलेली मोठी माणसंही होऊन गेली. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी चपला करायला शिकले, तेही कॅलेनबाख या मित्राकडून, आणि कॅलेनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन शिकून आले होते. तुरुंगात केलेला एक जोड गांधीजींनी जनरल स्मट्स यांना भेट दिला. आपल्याकडे घाट उतरून कोकणात गेलं की कणकवली. तिथल्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांचं कातडं सोलण्यापासूनची कामं केली. या कामाला चिकटलेला कमीपणा पुसायचा, म्हणून त्यांनी ते हातात घेतलं. माझ्यासारख्या हौशी माणसाने निदान एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

मग करायचं काय?

मुलाने बापाचाच धंदा करावा, असं मी अजिबात म्हणत नाही. त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर त्याने डॉक्टरच व्हावं. पण फॉर्म भरताना त्याची मान खाली जाऊ नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांसोबत काम सुचवलंय. त्याचा उपयोग करा. कारागिराला बोलवा ते शिक्षक म्हणून. खुर्ची द्या, मानधन द्या. पाठ आयता तयार आहे : डाव्या-उजव्या पायाचं माप म्हणजे गणित, हिरडा आणि बाभळीच्या सालीने कातडं का टिकतं हे विज्ञान, चपलेला 'कापशी' नाव कुठून आलं हा भूगोल. आणि एक पथ्य पाळा. वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या वडिलांना त्याला न विचारता बोलवू नका. त्याचं गुपित फोडणं म्हणजे सन्मान नव्हे.

आम्ही मागच्या सत्रात त्या मामांना बोलावलं. सगळ्या घरांतल्या मुलांनी आरी धरली, बोटं टोचून घेतली आणि एकेक कीचेन शिवली. तो मुलगा काही बोलला नाही. पण शेजारच्याची आरी तिरकी जाताना बघून त्याने त्याचा हात सरळ करून दिला. "तुला कसं येतंय रं?" या प्रश्नावर तो नुसता हसला.

फॉर्मवर अजून 'मजुरी'च लिहिलेलं आहे. मी ते बदललेलं नाही. बदलायचं की नाही, ते त्याने ठरवायचंय. त्याला ते ठरवता येईल असा वर्ग तयार करणं मात्र माझं काम आहे आणि तुमचंही.