वर्ग ठरवा, मग इंजिन उघडा

भातकापणी उरकली, खाचरं रिकामी झाली की आपल्या भागात ऑटोक्रॉसची हवा सुरू होते आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. यंदा शहापूर, वासिंद, मुरबाडहून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. वर्षभर राबून गाडी तयार केली, प्रवेश फी भरली, ट्रेलरवर घालून मैदानात नेली आणि सकाळच्या स्क्रूटिनीत ऐकावं लागलं, ‘या वर्गात बसत नाही, वरच्या वर्गात पळवा, नाहीतर परत न्या.’

आसनगावच्या एका वाचकाचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं. त्याच्याकडे जुनी बलेनो आहे, १९९९ मध्ये आलेली ती सेडान. इंजिन जी १६ बी, बोअर ७५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे १५९० सीसी. आरसी बुकातही तेवढीच नोंद. गाडी धूर मारत होती म्हणून त्याने बोअरिंग करून पाव मिलीचे ओव्हरसाइज पिस्टन टाकले. कॅम मूळचा, ईसीयू मूळचा, हेडला हात लावला नाही. एका स्पर्धेत आरसी बुक पाहून त्याला १६०० पर्यंतच्या वर्गात घेतलं. पुढच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने प्रोटेस्ट टाकला, हेड उतरवलं गेलं आणि बोअर गेज लावला. ७५.२५ मिमी बोअरने चार सिलिंडरांची क्षमता होते १६०१ सीसी. गाडी बाद.

हिशेब तुम्हीही करून पाहा. बोअर गुणिले बोअर, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडर, भागिले हजार. अर्धा मिली मारला तर आकडा १६१२ वर जातो. मूळ इंजिनात वर्गाच्या हद्दीपर्यंत जेमतेम दहा सीसीची जागा होती आणि पहिलंच बोअरिंग ती खाऊन टाकतं. जी १६ बी वापरणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असायला हवं. तरीही एकाही लेथवाल्याने काम घेताना ‘गाडी शर्यतीची आहे का?’ असं विचारल्याचं एकाही पत्रात नाही, आणि मालकानेही आपणहून सांगितलेलं नाही.

नियम मात्र जुना आणि स्पष्ट आहे. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिच्या अपेंडिक्स जे मध्ये ग्रुप एन, म्हणजे जवळपास मूळ, गाडीला बोअर वाढवायची मुभाच नाही. जास्त बदल चालणाऱ्या ग्रुप ए मध्ये ०.६ मिमीपर्यंत आहे, पण तीही वर्गाची हद्द ओलांडली जात नसेल तरच. क्षमतेचे वर्गही तिथे ठरलेले आहेत : ११५० ते १४००, १४०० ते १६००, १६०० ते २०००. मग आपल्याकडे गोंधळ कशाचा? प्रत्येक आयोजकाच्या स्वतःच्या पूरक नियमावलीचा. पाचसहा स्पर्धांची पत्रकं आमच्यासमोर आहेत. एकात हद्द १६००, दुसऱ्यात १६५०. एकातही लिहिलेलं नाही की क्षमता आरसी बुकावरून धरणार की मोजून. टर्बोचा गुणक लागणार की नाही, याबद्दल तर बहुतेकांनी मौनच पाळलं आहे.

टर्बोचा हा घोळ यापुढे वाढत जाणार, कारण मुलांच्या हातात आता टर्बो गाड्या येत आहेत. एफआयएच्या नियमाने टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने आणि डिझेलची १.५ ने गुणतात. म्हणजे ९९९ सीसीची पोलो टीएसआय नियमाच्या डोळ्याने १६९८ सीसीची होते. ११९७ सीसीची जुनी जीटी टीएसआय २०३५ वर जाऊन २००० चाही वर्ग ओलांडते. १२४८ सीसीची डिझेल स्विफ्ट १८७२. गुणक न लावणारा आयोजक तीन सिलिंडरची टर्बो पोलो साध्या हजार सीसीच्या झेनसमोर उभी करतो. गुणक लावणारा तीच गाडी मित्सुबिशी सेडियाच्या वर्गात ढकलतो. दोन्ही निर्णयांची कारणं देता येतील. पण ते कारण स्पर्धेच्या दिवशी सकाळी स्क्रूटिनीच्या तंबूत कळणं हा अन्याय आहे. म्हसा यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात आधी पाहतो, मोल मग करतो. इथे फी आधी घेतली जाते आणि दात मैदानात मोजले जातात.

‘मॉडिफाइड’ असा नुसता शब्द छापून वर्ग काढणाऱ्यांना तर विचारलंच पाहिजे : मॉडिफाइड म्हणजे काय? हेडर आणि एअर फिल्टर? कॅम? एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल)? एस्टीमच्या बॉडीत बलेनोचं इंजिन? यातलं शेवटचं काम ‘इंडियन ओपन’ वर्गाचं आहे, हे जाणत्याला कळतं. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करून रात्री गॅरेजात राबणाऱ्या पोराला ते कोण सांगणार? तो पत्रकातला शब्द वाचतो आणि फी भरतो. आणि गाड्या कमी आल्या म्हणून आयत्या वेळी दोन वर्ग एकत्र केले जातात, तेव्हा १२९८ सीसीची एस्टीम १६०० च्या गाड्यांमागे धूळ खात पळते. वर्ग एकत्र करायचे तर जरूर करा, पण किती गाड्यांखाली करणार आणि कोणत्या वर्गात घालणार, ते आधी छापा.

कायद्याचा मुद्दा वेगळा असला तरी वर्ग निवडताना तो टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदणीकृत गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. रॅलीत दोन स्टेजांमधलं अंतर सार्वजनिक रस्त्यावरून कापावं लागतं. इंजिन बदललेल्या गाडीचा मालक तिथे पोलिसापुढे काय दाखवणार? अशा गाडीने ऑटोक्रॉस किंवा ड्रॅगच्या बंद मैदानातच उतरावं आणि घर ते मैदान ट्रेलरनेच यावं. रॅली करायची असेल तर जवळपास मूळ गाडीचा वर्ग धरा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला आमचा सल्ला विचाराल तर १४०० चा वर्ग. एस्टीम, जिप्सी किंग, पहिली पेट्रोल स्विफ्ट यांचं १३०० चं इंजिन ७४ बाय ७५.५ चं आहे. एक मिली बोअर वाढवला तरी क्षमता १३३४. दोनतीनदा बोअरिंग केलं तरी वर्ग सुटत नाही, आणि हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर सीसी वाढत नाही, फक्त नियमावलीत त्याला मुभा आहे ना ते पाहायचं. बक्षीस १६०० च्या वर्गात मोठं दिसतं म्हणून तिकडे धावू नका. त्या वर्गात टिकायला गिअरबॉक्स, शॉक्स आणि टायर यांवर जो खर्च लागतो, त्यात १४०० ची अख्खी गाडी उभी राहते.

आयोजकांकडे आमची मागणी एवढीच. पूरक नियमावली प्रवेश सुरू होण्याआधी, मराठीत, छापून द्या. तिच्यात क्षमता मोजण्याची पद्धत, टर्बो गुणक, प्रत्येक वर्गात मुभा असलेले बदल आणि वर्ग एकत्र करण्याची अट असलीच पाहिजे. देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना एफएमएससीआय, तिचं परमिट घेणाऱ्यांना हे अवघड नाही. न घेणाऱ्यांच्या स्पर्धेत उतरूच नका. तिथे विमा नाही, डॉक्टर नाही, आणि तुमची तक्रार ऐकणारा स्टीवर्डही नाही.

आणि वाचकहो, थोडं तुमच्याशी. तुमच्यातल्या निम्म्यांनी पत्रक न वाचताच फी भरली, हे पत्रांवरूनच दिसतं. पत्रकात नसेल ते फी भरण्याआधी लेखी विचारा, आणि उत्तर लेखीच मागा. बोअरिंगचं बिल, पिस्टनची साइज, स्ट्रोक, हेडचं माप एका वहीत लिहा आणि ती वही स्क्रूटिनीला घेऊन जा. गाडीची चाचणी समृद्धीवर किंवा माळशेजच्या वळणांवर घेऊ नका. इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून आपल्या तालुक्यातली पोरं रात्री तिकडे जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि एका अपघाताने साऱ्या मैदानांच्या परवानग्या अडकतील.

पुढच्या अंकात आपल्याकडे पळणाऱ्या सगळ्या इंजिनांचं बोअर, स्ट्रोक आणि पाव, अर्धा, एक मिलीनंतरची सीसी यांचा तक्ता देत आहोत. शहापूर-मुरबाडच्या लेथवाल्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी आपल्या हाताखालून गेलेल्या इंजिनांची मापं महिनाअखेरपर्यंत पाठवावीत. गेज लावून घेतलेलीच मापं पाठवा, अंदाजाने लिहिलेली नकोत.