तारीख आहे, ठिकाण नाही

लिओनार्दो दा विंचीच्या तारीख घातलेल्या रेखाचित्रांपैकी आज ज्ञात असलेले सर्वांत जुने चित्र फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. लेखणी आणि शाईने काढलेले हे एक लहानसे निसर्गदृश्य. डावीकडे तटबंदीचा किल्ला, उजवीकडे खडकावरून डोहात उडी घेणारा ओढा, मधून दूरवर पसरत गेलेली सपाट भूमी आणि मागे टेकड्या. वरच्या कोपऱ्यात उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावे असे अक्षर : हिममाता मरियमच्या सणाचा दिवस, ५ ऑगस्ट १४७३. चित्रकार तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

त्याने दिवस नोंदवला; ठिकाण मात्र नोंदवले नाही. अभ्यासकांची लेखणी नेमकी तेथेच अडकून पडली. दृश्य आर्नो नदीच्या खोऱ्यातले, असे सामान्यतः मानले जाते. कोणाला दूरच्या टेकडीत मोन्सुम्मानो दिसतो, कोणाला सपाटीत फुचेक्योची पाणथळ. हे सारे पाहिलेले नसून काही अंशी कल्पिलेले आहे, असे म्हणणारेही आहेत. २०१९ मध्ये झालेल्या तांत्रिक तपासणीत तर हे चित्र दोन टप्प्यांत, दोन वेगळ्या शायांनी काढल्याचे आढळले. म्हणजे एका बैठकीत जागेवर टिपलेले दृश्य, ही समजूतही आता निःशंकपणे बाळगता येत नाही.

हा शोध व्यर्थ आहे असे मला म्हणायचे नाही. परंतु ठिकाण सापडले की चित्र समजले, हा त्यामागचा गृहीत समज मात्र तपासून पाहायला हवा. आपणही प्रादेशिक कादंबरीतले गाव नकाशावर हुडकतो आणि ते सापडल्याच्या समाधानात कादंबरी वाचायचे विसरतो. जात तीच आहे.

खरे मोल त्या तारखेतच दडलेले आहे. हिममातेचा सण ज्या आख्यायिकेवर उभा आहे, तिच्यानुसार रोममधील एका टेकडीवर ऐन उन्हाळ्यात बर्फ पडले. म्हणजे दिवस चमत्काराचा. आणि कागदावर मात्र चमत्कार नाही. संत नाही, देवदूत नाही. पाणी आपल्या भाराने खाली येते आहे, आणि झाडे भराभर ओढलेल्या समांतर रेघांतून थरथरताना दिसतात. त्या काळच्या चित्रकलेत ओढा, डोंगर, झाडी हे बहुतेक धर्मकथेच्या पाठीमागे उभे राहत. येथे पुढची कथा बाजूला सरली आहे आणि उरलेली पार्श्वभूमीच चित्र झाली आहे.

कोसळणारे पाणी स्वतःच पाहण्याजोगे आहे, हे म्हणण्यासाठी त्या तरुणाला ठिकाणाच्या नावाची गरज भासली नाही. ती आपल्याला का भासावी, हा प्रश्न त्या ओढ्याविषयीचा नसून आपल्या पाहण्याविषयीचा आहे.