बोध काय, बाई?

परवा शाळेतले एक जुने सहकारी घरी आले होते. माझ्यासारखेच सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर भाषा शिकवलेले. टेबलावर नीलांजना रॉय यांची 'द वाइल्डिंग्ज' ही कादंबरी पालथी ठेवली होती. त्यांनी ती उचलली, दोनचार पाने चाळली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, या वयात मांजरांच्या गोष्टी? नातीचं पुस्तक दिसतंय." पुस्तक नातीचेच. पण वाचत होते मी, शब्दकोश शेजारी घेऊन, कारण माझे बी.ए. मराठी माध्यमातले. हे ऐकल्यावर त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो मी स्वतः इतकी वर्षे वर्गात विचारत आले. "बरं, मग यातून बोध काय?"

मला राग आला. त्यांचा नव्हे, त्या प्रश्नाचा. (त्यातला अर्धा माझा स्वतःचाच होता, ते पुढे येईल.)

आपल्याकडे प्राण्यांच्या गोष्टींना तोटा नाही. हितोपदेशातले दीर्घकर्ण मांजर घ्या. आंधळ्या जरद्गव गिधाडाला ते सांगते की मी रोज गंगास्नान करतो, चांद्रायण व्रत करतो. मग झाडावरची पिल्ले खाऊन हाडे गिधाडाच्या ढोलीत टाकते आणि मार गिधाडाला पडतो. गोष्ट फक्कड आहे, वर्गात हमखास रंगते. पण यात मांजर कुठे आहे? हा तर भोंदू बुवा, फक्त शेपटीसकट. चांद्रायण कुठले मांजर करते? माणसांबद्दल बोलायचे होते, म्हणून एका जनावराला वेठीला धरले, इतकेच.

निबंधातही आम्ही हेच केले. 'मी झाड बोलतोय', 'मी फळा बोलतोय', 'मी मांजर बोलतोय'. बोलायचे काय, तेही ठरलेले. आधी जन्म, मग माणसाचा कृतघ्नपणा, शेवटी संदेश. झाड असो की फळा, सगळे एकाच सुरात बोलणार.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने 'मी मांजर बोलतोय' असा लिहिला की त्यात माणूसच नव्हता. पावसाने भिजलेल्या कौलांचा वास होता. पालीची वाट बघत किती वेळ न हलता बसावे लागते, ते होते. शेवटी पाल निसटते आणि मांजर पंजा चाटत बसते. संपला निबंध. मी लाल शाईने शेरा मारला, 'बोध नाही. विषय सोडून लिहिले आहे.' दहापैकी चार गुण दिले. विषय न सोडणारा सबंध वर्गात तो एकटाच होता, हे कळायला मला म्हातारपण यावे लागले. पुढे त्याने माझ्या तासाला तसे काही लिहिले नाही. इतरांसारखेच लिहू लागला, आणि मी त्याला सात देऊ लागले.

तर 'द वाइल्डिंग्ज'. २०१२ साली आलेली ही कादंबरी दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या मोकाट मांजरांची आहे. ही मांजरे मिशांच्या लहरींनी एकमेकांशी जोडलेली असतात. मारा नावाच्या नारिंगी पिल्लाची ही शक्ती इतकी अचाट, की सगळी वस्ती हादरते. तिला संपवायला बेराल नावाची मांजरी जाते, आणि समोर एवढेसे पिल्लू बघून तिची शिक्षिकाच होऊन बसते. मारा राहते माणसांच्या घरात, बाहेर पडायला भिते, पण मनाने प्राणिसंग्रहालयातल्या वाघांपर्यंत पोचते. माणसे पुस्तकात आहेत, पण ती नुसती 'मोठ्या पायांची'. एका बंद घरात कधीच बाहेर न पडलेली मांजरे असतात, धतुरा त्यांचा म्होरक्या. घरातला म्हातारा मरतो, दारे उघडतात आणि ती बाहेर येऊन भूक नसताना मारत सुटतात. ती पाने वाचताना मी पुस्तक दोनदा खाली ठेवले.

सहकारी म्हणाले, "म्हणजे हेही खोटंच की. मिशांनी कोण तारा पाठवतं?" खोटेच आहे, मान्य. पण मिशांच्या मुळाशी मज्जातंतूंचे जाळे असते, हवा हललेलीही मांजराला त्यातून कळते, हे खरे. लेखिकेने मांजराजवळ जे आहे तेच ताणून अद्भुत केले. दीर्घकर्णाला दिलेले व्रत मात्र सगळेच आपल्या घरचे. आता या दोघांत मांजराशी प्रामाणिक कोण, हे त्यांनीच सांगावे. त्यांनी सांगितले नाही, चहाला साखर कमी आहे म्हणाले.

टॅड विल्यम्स यांच्या १९८५ च्या 'टेलचेसर्स साँग'मध्ये तर मांजरांची स्वतःची पुराणे आहेत. त्यांत माणूस म्हणजे उर्मटपणाची शिक्षा म्हणून शेपूट आणि केस घालवून बसलेल्या एका मांजर-राजपुत्राचा वंशज. मला फार हसू आले, आणि थोडे बरेही वाटले.

सगळेच चांगले असते असे मी म्हणत नाही. एरिन हंटर या एकाच नावाने अनेक जणी लिहितात ती 'वॉरियर्स' मालिका २००३ पासून चालू आहे. तिच्यातल्या टोळ्या, हुद्दे, हद्दीच्या लढाया मला पलटणीतल्या वाटतात. मिशा काढल्या तर शिपाई उरतील. नातीला हे पटत नाही. "आजी, तू अजून चौथ्या भागापर्यंत कुठं आलीस?" म्हणते. असो.

माझे भांडण आहे ते 'पोरकट' या शब्दाशी. साठी-सत्तरीची शहाणी माणसे रोज संध्याकाळी टीव्हीवर सासू-सुनांचे विषप्रयोग बघतात, ते वास्तववादी! आणि एक मुलगी तासभर मांजराच्या उंचीवरून रस्ता बघते, वासाने गल्ली ओळखते, तर तिच्या हातातले पुस्तक काढून आपण विचारायचे की यातून काय शिकलीस? अजून शिकवत असलेल्या माझ्या विद्यार्थिनींना एवढेच सांगणे आहे, की आत्मकथनाचा निबंध घालाल तेव्हा 'संदेश' हा मुद्दा फळ्यावर लिहू नका. एक वर्ष करून बघा. वह्या तपासायला जास्त वेळ लागेल, ही तक्रार मला आत्ताच ऐकू येते आहे.

सहकारी चहा पिऊन गेले. पुस्तक नेता का विचारले, तर "डोळे दुखतात" म्हणाले. दुसरा भाग २०१३ मध्येच आलेला आहे. नातीने मागवला आहे, पण आधी ती वाचणार, मग मी, असे ठरले आहे.