हरलेला डाव सोडू नका!

वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळाचे डाव कुटताय? टाइमपास म्हणून मस्तच! पण वर्षभर खेळूनही रेटिंग तिथल्या तिथंच का, बॉस?

उत्तर आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडे आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत तिनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला वर्ल्ड कप जिंकला. वय १९, आणि सोबत ग्रँडमास्टर किताबही! जिंकल्या जिंकल्या ती काय म्हणाली? आपल्याला एंडगेम शिकायलाच हवेत, मध्येच घोळ झाला होता. चॅम्पियन जिंकलेल्या डावातही चूक शोधते. आपण हरलो की लगेच ‘रीमॅच’ दाबतो.

फंडा सोपा आहे. रोज पंधरा मिनिटं कोडी सोडवा. रविवारी एकच निवांत डाव खेळा, चाली लिहून. हरलात, तर इंजिनला विचारण्याआधी स्वतः शोधा, गाडी नेमकी कुठल्या चालीला घसरली.

क्लास लावणार असाल, तर राजा-प्याद्याच्या एंडगेमपासून सुरुवात करा. शेजारी शाळकरी पोरं असतील, बघता बघता मातही देतील. लाजायचं नाही. त्यांनाच विचारायचं, “कुठं चुकलो रे?”