पाचावरचा ठिपका

हॉटेलात बिलाबरोबर बडीशेप येते आणि हल्ली बडीशेपेमागून तळहाताएवढे एक यंत्र येते. पूर्वी वेटर आपले कार्डच गल्ल्यापाशी घेऊन जाई. डिसेंबर 2013 पासून रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डाला दुकानातही पिन लावला. पिन तर कुणाला सांगायचा नाही! तेव्हा गिऱ्हाइकाने गल्ल्यापाशी जावे, नाहीतर यंत्राने टेबलापाशी यावे.

बटणांच्या यंत्रावर पाचाच्या आकड्याशी मोहरीएवढा उंचवटा असतो. वाचकहो, कधी चाचपून पाहिलात? पाच सापडला की बाकीचे आकडे बोटाला आपोआप सापडतात. बऱ्याच यंत्रांत हिरव्या बटणावर गोल आणि तांबड्यावर फुली, तीही उठावाची. ही घडण ठरवणाराला मी मनोमन नमस्कार करतो.

आता कित्येक ठिकाणी सपाट काच आली आहे. आमच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक स्नेही आहेत. त्यांना दिसत नाही. बटणांवर त्यांची बोटे माझ्याहून चपळ. परवा मात्र काच हाती आली आणि बोटे थबकली. वेटर पोरगा भला. म्हणाला, "सर, नंबर सांगा, मी दाबतो." सरांनी मुकाट्याने नोटा काढल्या.

काचेवर बसणारे खाचांचे झाकण, कानात बोलणारी सूचना असे उपाय आहेत. काही यंत्रांत ते असतातही. मी मालकांना तसे सुचवले. ते कौतुकाने काच पुसत म्हणाले, "पण सर, हे अगदी नवे मॉडेल आहे!"