दुपारी विहाराला कुलूप कशाला?

मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडचा उन्हाळा विदर्भासारखा ४५ अंशांवर जात नाही, म्हणून त्याची बातमीही फारशी होत नाही. पण पारा ३५ वर आणि हवेतील आर्द्रता ७० टक्के असली, की शरीराला ती हवा जवळपास ५० अंशांसारखी जाचते. घाम सुकताना अंग थंड होते. दमट हवेत तो सुकत नाही, नुसता गळतो. त्यात डोक्यावर पत्रा. पत्र्याखाली दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडतात, म्हणजे झोपेतही उसंत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हातल्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, ते याच पट्ट्यात.

अशा वस्तीत दुपारी म्हाताऱ्या माणसाने, बाळंतिणीने बसावे कुठे? अनेक ठिकाणी पक्क्या छताची, पंख्यांची सार्वजनिक जागा एकच असते, आपले बुद्धविहार. आणि सकाळच्या वंदनेनंतर संध्याकाळपर्यंत त्याला कुलूप!

चोरी होईल, पोरे गोंधळ घालतील, वीजबिल कोण भरणार, असे कमिटीवाले म्हणतात. यातला बिलाचा मुद्दा तेवढा खरा. पण जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतून थोडे बाजूला काढले तरी एप्रिल-मेचे बिल भागेल. (डीजेवर पुन्हा कधीतरी सविस्तर.) विहार म्हणजे मुळात निवासस्थान, वर्षावासात भिक्खूंना निवारा हवा होता. उन्हाळ्यात उपासकांना नको का?

दुपारी १२ ते ४ दार उघडे हवे. बाहेर माठ हवा. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह दरवर्षी आठवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आणि संडासाची चावीही हवी. सफाईच्या, नाक्यावरच्या, घरकामाच्या कितीतरी भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण लघवीला जायची सोय नसते. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ सांगणे ही थट्टा आहे.

विहारात जलसंजीवनीची पाकिटे ठेवा. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर घाम येत असला तरी उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे कामाची नाही.

छपरांचेही बघता येईल. अहमदाबाद महापालिकेने २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला, पुढे तिथल्या वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवण्याचे काम त्याला जोडले. आपल्याकडे सुरुवात विहाराच्या गच्चीपासून करता येईल, चुना काही महाग नाही.

येत्या बैठकीत एवढेच ठरवा, दुपारची चावी कोणाकडे. निवृत्त मंडळींनी दोघे-दोघे वार वाटून घेतले तर आठवडा सहज निघतो.